उसातले सेन्सर, टाकीवरचे अँटेना

ऊस डोक्यावर गेला की दरवर्षी हेच प्रश्न येतात. लोरावॅन म्हणजे शेतातल्या सेन्सरच्या नोंदी रेडिओने दूर पाठवायची पद्धत; गेटवे त्या ऐकून सर्व्हरला देतो.

लोरावॅनचे दोन गेटवे लावले तर एकच नोंद दोनदा येईल का? (चिकोडी)

नाही, सर्व्हर जादा प्रत टाकून देतो.

उसातल्या ओलावा-सेन्सरच्या नोंदी गळतात. दुकानदार म्हणतो, टाकीवरच्या गेटवेला टी-जोड लावून दुसरा अँटेना बसवा, रेंज दुप्पट. (अथणी)

बसवू नका. टी-जोडाने दोन अँटेना एका केबलवर आणले की केबल आणि अँटेनाचा 50 ओहमचा विद्युत-मेळ बिघडतो आणि काही दिशांनी दोन्ही सिग्नल एकमेकांना मारतात. खरा फायदा हवा तर प्रत्येक अँटेनाला स्वतंत्र रिसीव्हर लागतो आणि सिग्नल फेज (लहरींचे चढउतार) जुळवून एकत्र करावे लागतात. एवढे करून दोन सारख्या अँटेनांनी सरासरी 3 डेसिबल मिळतात, म्हणजे सिग्नलची शक्ती दुप्पट, रेंज नव्हे. शिवाय दोघेही एकाच खांबावरून, त्याच उसाआडून ऐकणार! ओली पाने सिग्नल पितात, त्याला टाकीवरची गर्दी काय करणार?

रिसीव्हर विखुरले पाहिजेत. एक गेटवे टाकीवर, दुसरा शेताच्या पलीकडच्या अंगाला. लोरावॅनचा सेन्सर कुठल्याही एका गेटवेशी बांधलेला नसतो. दोघांपैकी एकाने पॅकेट ऐकले तरी नोंद पोचते. दुकानदार हे सांगत नाही, कारण टी-जोड त्याच्या फळीवर पडून असतो.

त्याआधी सेन्सरचाच अँटेना बांबूवर, उसाच्या शेंड्यावर काढा. स्वस्त उपाय आहे, म्हणून कोणी सुचवत नाही. मग आठवडाभर सर्व्हरवर प्रत्येक सेन्सरचा एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) बघा. एसएफ 12 वर, म्हणजे लोरावॅनच्या सर्वांत संथ पण सर्वांत दूर पोचणाऱ्या वेगावर, तो उणे 20 डेसिबल या ऐकू येण्याच्या हद्दीच्या आसपास घुटमळत असेल, तर पाऊस पडताच नोंदी गळतील. हे आकडे घेऊन जाणकाराला शेत दाखवा, दुसरा गेटवे त्यानंतर घ्या.

परवाना लागतो का? (खानापूर)

865 ते 868 मेगाहर्ट्झमध्ये ठरलेल्या शक्तिमर्यादेत नाही. पण उपकरणाला ईटीए (सरकारची उपकरण-प्रकार) मंजुरी हवी, प्रमाणपत्राची प्रत बिलासोबतच मागा.

अँटेना छतावर आणि गेटवे खाली ठेवून मध्ये 20 मीटर आरजी-58 केबल चालेल? (निपाणी)

नाही. तिच्यात सुमारे 10 डेसिबल जातात, म्हणजे दहा भागांतला एकच खाली पोचतो. गेटवे पावसात टिकणाऱ्या पेटीत अँटेनाजवळच बसवा आणि खालून इथरनेट केबल न्या. पीओईने वीजही तिच्यातूनच जाते. अरेस्टर (आकाशातल्या विजेचा झटका जमिनीत सोडणारा) आणि अर्थिंग मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, वळवाच्या आत.