चष्म्यावर वाफ येते, म्हणजे फट नाकाशी आहे

प्रश्न : मी क्षयरोग कक्षात परिचारिका आहे. एन-९५ मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरते, कानामागे सोलवटतं. भुसावळच्या मे महिन्यात तर मास्क घामाने भिजतो. दोन मास्क धुऊन आलटून-पालटून वापरले तर चालतील का?

उत्तर : ताई, धुऊ नका, स्पिरिटनेही पुसू नका. आतल्या पॉलिप्रॉपिलीनच्या थरावर स्थिर विद्युतभार असतो आणि सूक्ष्म कण अडवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. साबणाने, स्पिरिटने तो उतरतो. मास्क मात्र वरून जसाच्या तसा दिसतो, म्हणूनच फसगत होते. भिजला, श्वास जड झाला की टाकून द्या. ड्यूटीत मधे काढून ठेवायचा तर नाव घातलेल्या कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते.

वाफेकडे दुर्लक्ष नको. उच्छ्वास जिथून निसटतो, तिथूनच श्वास घेताना न गाळलेली हवा आत येते. नाकावरची पट्टी एका हाताच्या चिमटीत दाबली की तिला टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फटी राहतात. दोन्ही हातांच्या बोटांनी मधून गालांकडे दाबत न्या. मग तळवे मास्कवर हलके ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालावर हवा लागली तर पुन्हा बसवा. श्वास घेताना मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. हे दर वेळी, मास्क घालताच.

कानांसाठी खरा इलाज डोक्यामागच्या पट्ट्यांचा मास्क: वरची पट्टी डोक्याच्या मागच्या वरच्या भागावर, खालची कानांखालून मानेवर, एकमेकींना न छेदता. तोवर कानाचे दोन्ही दोरे मानेमागे हुकने जोडा. मास्कच्या कापडाला स्टेपल किंवा टाका मारू नका, त्याचीही भोकंच पडतात. आत रुमाल, गॉझ नको. व्हॅसलीनही नको, त्यावरून मास्क घसरतो. नाक सोलवटत असेल तर पातळ हायड्रोकोलॉइड पट्टी (जखमेवर लावतात ती जेलसारखी चिकटपट्टी) लावा, पण मग फट पुन्हा तपासा.

झडपेचा मास्क उन्हाळ्यात बरा वाटतो. पण तुमचा उच्छ्वास न गाळता बाहेर जातो, म्हणून शस्त्रक्रियागृहात तो नको.

खरेदीच्या वेळी एकच माप घेऊ देऊ नका. लहान चेहऱ्यावर मोठा मास्क हनुवटीशी उघडा राहतो. पाकिटावर आयएस ९४७३ (मास्कचं भारतीय मानक) आणि एफएफपी-२ (त्यातला गाळणीचा दर्जा) पाहा, नमुने मागवा, मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का हे पाहणारी सॅकरिनची चाचणी करून घ्या: डोकं आणि चेहरा झाकणारा टोप घालून आत गोड फवारा मारतात. त्याआधी १५ मिनिटं चहाही नको. मास्क असताना गोड चव लागली, तर पुन्हा नीट बसवून पाहा. तरीही लागली तर ते माप किंवा तो आकार तुमचा नाही.