विकला आम्ही, बिघडला तर निस्तरायचं पण आम्हीच?

प्रश्न : इचलकरंजीत माझं छोटं कॉम्प्युटरचं दुकान आहे. एका कॉलेजच्या मुलीला नवा लॅपटॉप विकला आणि आठवडा व्हायच्या आत स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात डीओए लेटरसाठी (म्हणजे "डेड ऑन अरायव्हल", माल मुळातच खराब निघाला असं पत्र) कंपनीला मेल करा, कंपनी म्हणते डिस्ट्रिब्युटरला विचारा, डिस्ट्रिब्युटर म्हणतो लेटर आणा मग बघू. या टोलवाटोलवीत बदलून द्यायची मुदतच संपली. मुलीचे वडील रोज दुकानात येऊन बसतात. मी ग्राहक आयोगात जाऊ शकतो का?

उत्तर : तुमची चिडचिड शंभर टक्के रास्त आहे. माल खपवायला कंपनीला गावोगावचे दुकानदार लागतात आणि माल बिघडला की त्याच दुकानदाराचा फोन कुणी उचलत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आता कायद्याचं बघू. तुम्ही स्वतः आयोगात जाऊ शकत नाही, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुन्हा विकायला माल घेणारा ग्राहक धरलाच जात नाही. पण ती मुलगी ग्राहक आहे ना! तिच्या वडिलांना समोर बसवून आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर कंपनीच्या नावाने तक्रार नोंदवायला लावा. तिथे नाही हललं तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात केस करता येते. त्यात तुमच्या दुकानाचंही नाव येईल, तर घाबरू नका पण तयारीत रहा, आयोग कधीकधी दुकानदारालाही कंपनीसोबत जबाबदार धरतो, म्हणून तुम्ही पहिल्या दिवसापासून काय धावपळ केली त्याचा कागद हातात पाहिजे. तोंडी बोलणं झालं की लगेच मेल टाकायचा, "आज तुमच्या माणसाने लेटर द्यायला नकार दिला" एवढं एक वाक्य, सोबत सिरियल नंबर, बिल आणि रेघेचा फोटो. सर्व्हिस सेंटरची जॉबशीट, म्हणजे तक्रार लिहिलेली मशीन जमा केल्याची पावती, घेतल्याशिवाय मशीन तिथे ठेवायचंच नाही, आणि शीटवर "डिस्प्ले प्रॉब्लेम" असं मोघम न लिहिता रेघ कधी दिसली ती तारीख लिहून घ्या, मुदतीत तक्रार केल्याचा तोच पुरावा.

डिस्ट्रिब्युटरशी तुमचा व्यवहार 1930 च्या माल विक्री कायद्यात बसतो. दिलेला माल विकण्याजोगा असला पाहिजे ही अट त्यात गृहीत धरलेली आहे. त्याचा हवाला देऊन वकिलाची नोटीस पाठवा, कोर्टापर्यंत जायची वेळ आली तर तो मार्ग दिवाणी कोर्टाचा.

आणि एक, सिरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख आजच वेबसाइटवर बघा. बऱ्याचदा ती माल कंपनीतून निघाला तेव्हापासून मोजलेली असते, त्या मुलीचं बिल अपलोड करून दुरुस्त करून घ्या, नाहीतर तुमच्या शेल्फवर पडून राहिलेले दिवस तिच्या वॉरंटीतून जातील.