पखवाज वाजवणाऱ्या मुलाला शिष्यवृत्ती मिळेल का?

प्रश्न : आम्ही कुडाळ तालुक्यात राहतो. मिस्टर दशावतारी मंडळीत काम करतात. मुलगा १९ वर्षांचा, आर्ट्सला, एफवायबीएला आहे. बाराव्या वर्षापासून गावातल्या बुवांकडे पखवाज शिकतो. जत्रा सुरू झाल्या की रात्र रात्र नाटकाला वाजवतो आणि सकाळी कॉलेज बुडवतो. आर्ट्सवाल्यांना सरकारी स्कॉलरशिप असते असं कळलं. पण त्याला बारावीला ५४ टक्केच आहेत. त्याचा पखवाज बंद करावा का? धाकटी ११ वर्षांची आहे, तीही भजन शिकते.

उत्तर : ताई, आधी शेवटचं सांगते. पखवाज बंद करू नका. ज्या शिष्यवृत्तीबद्दल मी लिहिणार आहे, ती त्याला मिळाली तर पखवाजामुळेच मिळेल.

‘आर्ट्स’ या शब्दाने तुमचा थोडा गोंधळ झालाय. बीएची कला शाखा वेगळी आणि मुलाच्या हातातली कला वेगळी. बीएच्या फीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर तुमची वर्गवारी आणि उत्पन्न बघून अर्ज करायचा असतो, तो कॉलेजचे क्लार्क भरून देतील. कलेसाठीची योजना केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची आहे. तिचं काम दिल्लीतली सीसीआरटी ही संस्था बघते. वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. म्हणजे एकूण १ लाख २० हजार, आणि तेही सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत. देशभरातून ४०० पर्यंत मुलं निवडतात. बारावीचे टक्के इथे आडवे येत नाहीत. तज्ज्ञांसमोर बसून वाजवून दाखवावं लागतं.

अट एक मोठी आहे : गुरूकडे किमान पाच वर्षं शिकल्याचा दाखला. तुमच्या मुलाची सात वर्षं झाली आहेत, पण कागद एकही नसणार. कोकणातली बहुतेक मुलं इथेच अडकतात. सरपंचांचं ‘होतकरू कलाकार’ असं पत्र जोडतात, त्याचा उपयोग होत नाही. बुवांकडे जा आणि त्यांच्याकडून लिहून घ्या : मुलगा कोणत्या वर्षी आला, आठवड्यातून किती दिवस शिकतो, काय काय शिकवलं, बुवा स्वतः कोणाकडे शिकले. खाली सही, तारीख, पत्ता. बुवांना लिहायचा कंटाळा असेल तर मुलाने त्यांच्यासमोर बसून लिहावं आणि त्यांना वाचून दाखवावं. ‘असले कागद कशाला’ असं ते म्हणतीलही. तरी गळ घाला.

दुसरी गोष्ट अर्जातल्या कलाप्रकाराची. शास्त्रीय वादनातून अर्ज करता येतो, लोककलेतूनही. दशावताराच्या मुलांना दुसरा रस्ता बहुधा माहीतच नसतो. कुठला घ्यायचा ते घरीच तपासा. मुलाला पखवाज बाजूला ठेवायला सांगा. हातावर ताल धरून चौतालाच्या १२ मात्रा, धमाराच्या १४, सूलतालाच्या १० तोंडाने म्हणता येतात का बघा, आधी ठाय म्हणजे सावकाश लयीत, मग दुगुनीत म्हणजे दुप्पट वेगात. मागे माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता. डाव्या पुडीला कणीक लावून बसला आणि असा वाजवला की शेजारचे दारात येऊन उभे राहिले. पण धमार तोंडाने म्हण म्हटल्यावर सहाव्या मात्रेला थांबला. हाताला सगळं येत होतं, जिभेला नव्हतं. तो शास्त्रीयमधून गेला असता तर तिथेच संपलं असतं. तुमचा मुलगाही तिथे अडखळला तर बिनधास्त लोककला लिहा. त्यात कमीपणा अजिबात नाही. तुमच्याच तालुक्यातल्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या आणि बाहुल्यांच्या कलेसाठीच पद्मश्री मिळाली. लोककलेतून अर्ज केला तर नाटकात कुठल्या प्रवेशाला काय वाजतं, गणपतीच्या वेळी काय, युद्धाला काय, हे त्याला नीट सांगता आलं पाहिजे. ते त्याच्या वडिलांनीच त्याच्याकडून घोटून घ्यावं.

पैशाबद्दल स्पष्ट बोलते. हप्ता वेळेवर येईल असं धरून कुठलंही कर्ज काढू नका. आणि महाडीबीटीची शिष्यवृत्ती चालू असताना ही घेता येते का, ती अट जाहिरातीत वाचल्याशिवाय अर्ज पाठवू नका.

धाकटीचं वय अगदी बरोबर आहे. सीसीआरटीचीच १० ते १४ वयाच्या मुलांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. रक्कम लहान आहे, पण नूतनीकरण होत ती वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते. परंपरागत कला करणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी त्यात वेगळ्या जागाही असतात, म्हणून मिस्टरांच्या मंडळीच्या मालकांकडून त्यांच्या कामाचं पत्र आत्ताच घेऊन ठेवा.

कॉलेज बुडवण्याबद्दल मी मुलाच्या बाजूने बोलणार नाही. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत. हंगामात आठवड्याला किती रात्री वाजवायचं, ते मिस्टरांनी मालकांशी बोलून ठरवावं. जत्रा लागल्या की बुवाही घरी सापडणार नाहीत, तेव्हा दाखल्याचं काम त्याआधीच उरकून घ्या.