लग्न कुणाचं?

प्रिय,

तुझ्या तिन्ही चित्रांचे फोटो पाहिले. हात छान बसलाय, रंगाबद्दल तक्रार नाही. अडलो ते मोठ्या कॅनव्हासपाशी. काचेच्या इमारती, मोबाइल धरलेली मुलगी, आणि मागे जिथे जिथे जागा उरली तिथे वारली माणसं. 'यात माझी ओळख दिसते का?' असं तू विचारलंयस. मला तिथे फक्त भरलेली जागा दिसली.

रागावू नकोस. तुझ्या वयात मी याहून मोठा घोळ घातला होता. वारल्यांचा लग्नचौक आवडला म्हणून जसाच्या तसा कॅनव्हासवर उतरवला, फक्त मधली पालघाट देवी काढून तिथे रिकामी खुर्ची ठेवली. फार आधुनिक वाटलं होतं ते! प्रदर्शनात एका वारली बाईंनी बराच वेळ चित्र पाहिलं आणि विचारलं, "लग्न कुणाचं?" माझी बोलतीच बंद झाली.

चौक लग्नघरात काढतात. सवाष्णी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने तो काढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, देवीला बोलावतात, आणि मग लग्न लागतं. नुसतं बघण्यासाठी तो नसतोच, त्याच्याकडे काम असतं. मी कामच काढून घेतलं आणि नक्षी तेवढी घरी आणली.

मग हे कॅनव्हासवर आणूच नये का? तसं नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात कागद हाती घेतला, तोवर हे चित्र बायकांचं होतं, विधीचं होतं. ते चौकाची नक्कल करत बसले नाहीत. मासे धरायचं जाळं अख्ख्या कागदभर पसरलं, शेतं काढली, तारपा, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच, काढला. तारप्याचं उदाहरण नीट बघ. वाजवणाऱ्याकडे पाठ करायची नाही, म्हणून नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती वळत जाते. तो वळसा चित्रकाराने शोभेसाठी काढलेला नाही, तो नाचाच्या नियमातून आलाय. कपांवर, पडद्यांवर छापलेल्या नक्षीत कित्येकदा वाजवणाराच गायब असतो. तुझ्याही चित्रात मी त्याला शोधला.

आणि जुनं तेच अस्सल, हे डोक्यातून काढून टाक. चित्रकार जनगढ सिंह श्याम परधान समाजातले, म्हणजे गोंडांच्या देवांची, राजांची गाणी बाणा या तंतुवाद्यावर गाणाऱ्यांतले. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना भोपाळच्या भारत भवनात आणलं, ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. आज आपण 'गोंड चित्र' म्हणतो त्या ठिपक्या-रेघांच्या शैलीचा बराचसा भाग त्यांच्या हातून घडला. जे गायलं जायचं त्याला त्यांनी रूप दिलं. ही परंपरा म्हणायची की समकालीन चित्रकला, यावर मंडळी अजून भांडतात. भांडोत बापडे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या इथे १९७१ मध्ये आदिवासी चित्रकार बोर्डांवर चित्रं काढू लागले. सुरुवातीच्या काही चित्रांत सर्वांनी पाहू नयेत असे विधीचे आकार होते. त्यावर त्यांच्याच लोकांत हरकती आल्या, मग ते आकार गाळले गेले, काही ठिपक्यांखाली झाकले गेले. काय दाखवायचं नाही हे त्यांनी स्वतः ठरवलं. तुझ्या चित्रात मात्र सगळंच दाखवलंय: नथ, पैठणीचा काठ, वारली, मोर. एवढं दाखवल्यावर तू नेमकी कुठली, ते कळेनासं होतं.

मागे एकदा तू सांगितलं होतंस, आई रोज ठिपक्यांची रांगोळी काढते आणि ती दुपारपर्यंत पुसली जाते. ठिपके मोजताना ती ओठांतल्या ओठांत पुटपुटते, हेही तूच सांगितलंस. ते तुझ्या एकाही चित्रात नाही. चार-पाच दिवस तिच्याशेजारी बस. रांगोळी उतरवू नकोस, ती हात कुठे थांबवते, चुकलेला ठिपका कसा सावरते तेवढं बघ. मोठ्या कॅनव्हासला तोवर हात लावू नकोस. वहीतलीच पानं पाठव, कच्ची असली तरी चालतील.

तुझा,
सर