माडावरच्या उंदरांसाठी .22 रायफल घ्यावी का?

रत्नागिरीकडच्या वाडीत माडावर उंदीर, आंब्यावर वानर, तर .22 रिमफायर (लहान काडतुसाची रायफल) चालेल का, असा प्रश्न आहे. नको. वानर, ससा, मोर यांवर गोळी झाडणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. उरले उंदीर. तिच्या नेहमीच्या ‘.22 लाँग रायफल’ काडतुसाची 40 ग्रेनची (सुमारे 2.6 ग्रॅम) गोळी शेंड्याकडे झाडली की चुकलेली गोळी दीड किलोमीटरपलीकडेही जाऊ शकते, आणि जांभा दगडावर आपटली तर कुठे वळेल याचा नेम नाही. आपल्याकडे वाड्या एकमेकींना खेटून! शिवाय शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर साधारणपणे ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू भरायची) बंदूक मिळते; .22 ही मुख्यतः क्लबातल्या नेमबाजीची रायफल.

देठाजवळ भोक पाडलेली कोवळी फळं बुंध्याशी दिसली की उंदीरच समजा. जमिनीपासून 2 मीटरवर खोडाला 40 सेंमी रुंद पत्रा घट्ट गुंडाळा. खाऱ्या हवेत लोखंडी पत्रा लवकर गंजतो, ॲल्युमिनियमचा बरा. पण झावळ्या शेजारच्या माडाला टेकत असतील तर पत्रा फुकट, उंदीर वरूनच येतात. अशा दाट बागेत दर पाच माडांमागे एकाच्या शेंड्यात ब्रोमॅडिओलोन या उंदीरनाशकाची (0.005 टक्के) 10 ग्रॅमची वडी ठेवा, 12 दिवसांनी पुन्हा एकदा. विष रक्त गोठू देत नाही, त्यामुळे उंदीर काही दिवसांनी मरतात. लगेच परिणाम दिसला नाही म्हणून मात्रा वाढवू नका. वडी जमिनीवर टाकली तर कुत्रं-मांजर खाईल. मेलेले उंदीर पुरा.