लायपझिगला प्राचीन डीएनएवर पीएचडी करायचीय?

"ताई, पुण्यात झूलॉजीत एमएस्सी झालंय. जर्मनीत लायपझिगला प्राचीन डीएनएवर पीएचडी करायचीय. येण्याआधी काय शिकू?" असं विचारलंस.

कोडिंग शीक. आर, पायथन आणि त्याहून जास्त संख्याशास्त्र. मी पिपेट चालवण्यात तरबेज होऊन आले आणि पहिलं वर्ष टर्मिनलच्या काळ्या पडद्यासमोर रडत काढलं.

क्लीन रूमची, म्हणजे बाहेरचा डीएनए आत येऊ न देणाऱ्या प्रयोगशाळेची, भुरळ सगळ्यांनाच पडते. आत जायचं तर अंगभर सूट, मास्क आणि एकावर एक दोन ग्लोव्ह्ज. मध्येच बाथरूमला जायचं झालं तर सगळं उतरवायचं, परत येताना नवं चढवायचं. जुन्या हाडांना ड्रिल करायच्या दिवशी मी सकाळचा चहाच घेत नाही. कानाच्या आतल्या भागाभोवतीचं पेट्रस हाड फार घट्ट, डीएनए तिथे टिकतो. ड्रिल दंतवैद्याकडे असतं तसलंच, पण हळू फिरवायचं, कारण तापलं की उरलासुरला डीएनएही गेला. हाती येते चिमूटभर पूड. तीतही बहुतेक डीएनए मातीतल्या जिवाणूंचा, थोडा हाड हाताळणाऱ्यांचा. खरा जुना असेल तर तुकडे आखूड असतात आणि टोकांशी डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'सी'च्या जागी 'टी' वाचला जातो. ही झीजच जुनेपणाची खूण.

बऱ्याचदा हाती काहीच लागत नाही. तू पुण्याची, म्हणजे तेव्हा डेक्कन कॉलेजात असलेल्या वसंत शिंदेंचं हरियाणातल्या राखीगढीच्या हडप्पाकालीन सांगाड्यांवरचं काम ऐकलं असशील. साठाहून जास्त नमुने तपासले, 2019 च्या पेपरला पुरेल इतका डीएनए निघाला एकाच बाईचा. उलट सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेतला हाडाच्या जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या तुकड्यातला डीएनए आमच्याच संस्थेत, लायपझिगच्या मॅक्स प्लांकमध्ये, वाचला गेला, 2018 मध्ये. मुलीची आई निअँडरथल, बाप डेनिसोव्हन, म्हणजे नामशेष झालेल्या दोन वेगळ्या मानवगटांतले! त्या दोघांची पोर थेट हाती लागेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

पैशांचं म्हणशील तर इथे पीएचडी बहुधा पगारी नोकरीच असते. करार हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नकोस. घर घेताना मालक रहिवासी नोंदणीसाठी पत्र देईल ना, ते आधी विचार. नोंदणी दोन आठवड्यांत करायची असते. माझ्या पहिल्या मालकाने पत्र महिनाभर लटकवलं, तोवर बँकेचं खातंही अडलं. रविवारी दुकानं बंद, डाळ-तांदूळ शनिवारीच भर.

सीव्हीत 'आर येतं' एवढंच लिहू नकोस. क्रोएशियातल्या व्हिंडिया गुहेतल्या निअँडरथलचा जिनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. एखादं गुणसूत्र घे, आजच्या माणसांशी ताडून बघ आणि कुठे अडलीस ते मला लिही.