रीम फोडून पाहणारा माणूस

नागपूरच्या महाल, इतवारी आणि गांधीबागेच्या अरुंद गल्ल्यांतून आपले दुकान, कार्यालय किंवा कारखाना हिंगण्याला, बुटीबोरीला वा वाडीकडे हलवू पाहणारी बरीच माणसे गेल्या काही वर्षांत समुपदेशक म्हणून माझ्यासमोर बसून गेली. येताना ती झोप लागत नसल्याची तक्रार घेऊन येतात. नव्या जागेचे भाडे आणि बँकेचा हप्ता यांचा हिशेब त्यांनी केव्हाच मांडलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत खरा प्रश्न बाहेर पडतो तो असा, की ज्याच्या हाती सगळा व्यवसाय ट्रकमध्ये भरून द्यायचा, तो माणूस भरवशाचा आहे हे ओळखायचे कसे? हाच प्रश्न पुन्हा पुन्हा कानी आल्यामुळे एका गृहस्थांचा अनुभव, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, इथे मांडते आहे. त्यांना मी भाऊ म्हणत असे, इथेही तेच म्हणते.

भाऊंचा महालात वडिलांच्या काळापासूनचा छापखाना होता: दोन ऑफसेट मशिनी, एक कटिंग मशिन आणि कागदाने भरलेल्या मांडण्या. हिंगण्याच्या शेडचे भाडे चार महिन्यांपासून सुरू झाले होते, पण छापखाना जागचा हलला नव्हता. वहिनी सांगत होत्या, की हे पहाटे तीनला उठून मोबाईलवर शिफ्टिंगवाल्यांबद्दल लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचत बसतात.

"सहा जणांना विचारलं, मॅडम," भाऊ म्हणाले. "सगळेच म्हणतात, काही काळजी करू नका."

"मग?"

"मग काय, त्यानंच तर काळजी वाढून राहिली."

त्या सहा जणांकडून नेमके काय ऐकायचे आहे, असे मी विचारले. "काहीच तुटणार नाही, एवढंच," ते म्हणाले. माझ्या कामात मी माणसाच्या बोलण्यातल्या 'च'कडे फार बारकाईने लक्ष देते, कारण इच्छा हट्टात बदलते ती बहुतेक वेळा याच एका अक्षरापाशी. मशिन धड पोहोचावी ही इच्छा रास्त आहे. पण ती धड पोहोचलीच पाहिजे, आणि तसे कोणीतरी मला आजच शपथेवर सांगितलेच पाहिजे, अशी अट घातली की जो सर्वांत सहज शपथ घेईल त्याच्या हाती आपण अलगद सापडतो. हे मी त्यांना दोन बैठकांत निरनिराळ्या प्रकारे सांगून पाहिले. त्यांनी मान डोलावली आणि ते सातवी कंपनी शोधू लागले.

चौथ्या भेटीत मला सुचलेला प्रश्न, खरे सांगायचे तर, पहिल्याच भेटीत सुचायला हवा होता. मी विचारले, "तुमच्या कागदवाल्यावर तुम्ही भरवसा कसा ठेवता?"

ते मोकळेपणाने हसले. "कागदवाल्यावर कोण भरवसा ठेवते जी? रीम, म्हणजे कागदाचा गठ्ठा फोडतो, तुकडा कापून जीएसएमच्या काट्यावर ठेवतो, चौरस मीटरमागं किती ग्रॅमचा कागद ते दिसते. सत्तरच्या नावानं साठचा दिला तर लगेच कळते."

"किती वर्षांपासून घेता त्याच्याकडून?"

"बावीस."

त्यानंतर ते बराच वेळ बोलले नाहीत. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहिले, जणू चिमटीत एखादा ताव धरून त्याची जाडी पाहत आहेत. अशा शांततेत समुपदेशकाने तोंड उघडू नये, हे मला उशिरा पण पक्के समजलेले आहे. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे या शिफ्टिंगवाल्यांची रीम मी फोडलीच नाही."

बावीस वर्षांचा संबंध टिकला तो तपासणीमुळे, आणि त्या तपासणीचा कागदवाल्याला कधी अपमान वाटला नाही. स्वतःच्या धंद्यात इतका जाणता असलेला माणूस परक्या क्षेत्रात पाऊल टाकताच याचक होतो आणि समोरच्याच्या आवाजावरून त्याची नियत ओळखू पाहतो, हे मी पुढे इतरांतही पाहिले. तेव्हापासून असा प्रश्न घेऊन येणाऱ्याला मी आधी त्याच्या धंद्याचा काटा कोणता, ते विचारते.

पुढच्या आठवड्यात भाऊ फोन बाजूला ठेवून वाडीच्या गोदामांकडे प्रत्यक्ष गेले. सहांपैकी दोघांनी दिलेल्या पत्त्यावर गोदामच नव्हते. ते केवळ आगाऊ रक्कम घेऊन काम दुसऱ्याकडे सोपवणारे मध्यस्थ निघाले. एकाचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला तेव्हा नाव वेगळेच आले, आणि ही तपासणी तर कोणालाही घरबसल्या, फुकट करता येते. जागा न पाहता फोनवर भाव सांगणाऱ्या दोघांना त्यांनी आपण होऊन वगळले, कारण असा भाव सामान उतरवण्याच्या वेळी वाढतो.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र मी त्यांना थोडे बजावले, जे माझ्या खुर्चीच्या मर्यादेत बसते की नाही याबद्दल मतभेद असू शकतात. रस्तामार्गे मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम यांनुसार, मालाची अधिक किंमत आधी लेखी जाहीर केलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरती असते. चाळीस हजार भाडे असेल तर चार लाख. ऑफसेट मशिनीची किंमत त्याहून किती तरी जास्त. नुकसानीचा दावा लावायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. शिफ्टिंगवाला 'इन्शुरन्स' म्हणून टक्केवारी आकारतो तेव्हा विमा कंपनीची, आपल्या नावाची पॉलिसी मागावी. ती नसेल तर ते फक्त जास्तीचे भाडे असते. स्वतःचाच माल स्वतःच्या नव्या जागी नेतानाही डिलिव्हरी चलन लागते, आणि राज्यातल्या राज्यात तो एक लाख रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर ई-वे बिलही (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद). शिवाय व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून सहसा वगळली जाते (स्वतःच्या उपजीविकेपुरता स्वयंरोजगार हा त्याला अपवाद), त्यामुळे ग्राहक आयोगाकडे जाऊ या भरवशावर बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची मालाची पावती, वाचायची टाळू नये.

उरलेल्या एकाने येऊन दाराची चौकट टेपने मोजली, मशिनीखाली वाकून पाहिले आणि म्हणाला, "चौकट काढावी लागेल. गल्लीत हायड्रा क्रेन येणार नाही, तोंडापर्यंत रोलरवर न्यावं लागेल. मशिनीचं मी लिहून देतो, पण टेबलाच्या काचेची गॅरंटी माझ्याकडून होणार नाही." भाऊंनी काम त्यालाच दिले. सहा जणांत 'नाही' हा शब्द उच्चारणारा तोच एकटा होता, असे त्यांनी मला सांगितले. आणि चार महिन्यांपूर्वी याच वाक्यासाठी त्यांनी त्याला दारातून परत पाठवले असते, हेही तेच म्हणाले.

हलवाहलव एका रविवारी झाली. सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"काच फुटली, मॅडम."

"मग?"

"मग काय, बिल्टीवर लिहिलं आणि त्याच्याखाली सही केली. खोके मोजून घेतले, बरोबर भरले."

झोपेचे विचारायचे माझ्या मनात होते, पण मागे मशिन सुरू झाल्याची धडधड ऐकू आली आणि त्यांनी घाईघाईने फोन ठेवला.